लॅटिना सोरोरिटी म्हणजे काय? १९७५ साली १७ मुलींनी कॉलेजात सुरू केलेली संघटना अमेरिकाभर कशी पसरली?

२०२४ साली कमला हॅरिस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरल्या तेव्हा भारतातल्या बातम्यांमध्येही एक शब्द वारंवार कानावर पडला, ‘सोरोरिटी’. हॅरिस कॉलेजात असताना ‘आल्फा कॅप्पा आल्फा’ नावाच्या संघटनेच्या सदस्य झाल्या होत्या. कॉलेज सोडून चाळीसेक वर्षं उलटली होती, तरी त्या संघटनेतल्या हजारो बायका त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. कॉलेजातला एखादा ग्रुप इतकी वर्षं टिकतो कसा, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला.

आल्फा कॅप्पा आल्फा ही कृष्णवर्णीय महिलांची संघटना. तिची स्थापना १९०८ सालची. पण स्पॅनिश बोलणाऱ्या, लॅटिन अमेरिकी मुळं असलेल्या घरांतल्या मुलींना स्वतःची अशी संघटना मिळायला त्यानंतर तब्बल ६७ वर्षं गेली. ती सुरू झाली १९७५ साली, न्यू जर्सीतल्या कीन कॉलेजमध्ये. तिचं नाव ‘लॅम्डा थिटा आल्फा’. अमेरिकेतली पहिली लॅटिना सोरोरिटी म्हणून ती ओळखली जाते.

आधी सोरोरिटी म्हणजे काय ते बघू

लॅटिन भाषेत ‘सोरोर’ म्हणजे बहीण आणि ‘फ्रातेर’ म्हणजे भाऊ. त्यावरून मुलींच्या संघटनेला सोरोरिटी आणि मुलांच्या संघटनेला फ्रॅटर्निटी हे नाव पडलं. ओळख म्हणून या संघटना दोन किंवा तीन ग्रीक अक्षरं घेतात. आल्फा, बीटा, गॅमा अशी नावं येतात ती त्यामुळेच. या सगळ्या प्रकाराला अमेरिकेत ‘ग्रीक लाइफ’ म्हणतात. ग्रीस देशाशी त्याचा संबंध अक्षरांपुरताच.

ही पद्धत खूप जुनी आहे. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७६ साली ‘फाय बीटा कॅप्पा’ स्थापन झाली आणि ग्रीक अक्षरं लावायची रीत तिथून रूढ झाली. मुलींसाठीची पहिली ग्रीक अक्षरांची संघटना, कॅप्पा आल्फा थिटा, १८७० साली इंडियाना राज्यात आली.

आपल्याकडच्या भगिनी मंडळाशी याची तुलना करायचा मोह होतो, पण यात दोन मोठे फरक आहेत. एक म्हणजे इथं सदस्यत्व आयुष्यभराचं असतं. कॉलेज संपलं तरी ‘सिस्टर’ हे नातं संपत नाही. दुसरं म्हणजे ही संघटना एका कॉलेजापुरती नसते. वेगवेगळ्या कॉलेजांत तिच्या शाखा असतात आणि प्रत्येक शाखेला ‘चॅप्टर’ म्हणतात. एका चॅप्टरमधली मुलगी दुसऱ्या राज्यात गेली, तर तिथल्या चॅप्टरमधल्या मुली तिला आपलीच मानतात.

त्यामुळे नोकरी, ओळखी, राजकारण आणि अगदी अनोळखी शहरात राहायला जागा शोधणं, या सगळ्यात हे जाळं उपयोगी पडतं. म्हणूनच या जाळ्यात कोणाला घेतात आणि कोणाला नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दार कोणासाठी बंद होतं?

जुन्या सोरोरिटींमध्ये प्रामुख्यानं गोऱ्या, ख्रिश्चन आणि खात्यापित्या घरांतल्या मुली असायच्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक संघटनांच्या नियमांतच वंशाची अट लिहिलेली होती. काही ठिकाणी ती लिहिलेली नव्हती, पण पाळली मात्र जात होती. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर कागदावरच्या अटी गेल्या. मनातल्या अटी जायला वेळ लागला. २०१३ सालीसुद्धा अलाबामा विद्यापीठात, कृष्णवर्णीय मुलींना सोरोरिटींनी वर्णामुळे नाकारल्याची बातमी विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्रानं दिली आणि देशभर गदारोळ झाला.

कृष्णवर्णीय मुलींनी यावर १९०८ पासूनच स्वतःचा मार्ग काढला होता. लॅटिन अमेरिकी मुलांच्या संघटनाही जुन्या आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये १८९८ साली ‘युनियन हिस्पानो अमेरिकाना’ सुरू झाली. त्याच परंपरेतून पुढे १९३१ साली ‘फाय आयोटा आल्फा’ ही फ्रॅटर्निटी उभी राहिली. पण तिथले बरेचसे विद्यार्थी लॅटिन अमेरिकेतल्या सधन घरांतून शिकायला आलेले होते. शिक्षण घेऊन मायदेशी परतायचं, हा त्यांचा बेत असे.

अमेरिकेतच वाढलेल्या, आईवडील कारखान्यात राबणारे, घरात स्पॅनिश आणि बाहेर इंग्रजी, अशा मुलीसाठी यातलं काहीच नव्हतं. अशा मुली मोठ्या संख्येनं कॉलेजात यायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

१९७५ चं न्यू जर्सी कसं होतं?

प्युर्टो रिको हे कॅरिबियन बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तिथल्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून हजारो कुटुंबं न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत कामासाठी आली. १९५९ साली क्युबात क्रांती झाली आणि तिथून निघालेली माणसं मायामीबरोबरच न्यू जर्सीतल्या युनियन सिटी आणि एलिझाबेथ या शहरांत स्थिरावली. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला. पुढच्या काळात कोलंबिया, डॉमिनिकन रिपब्लिक, इक्वेडोर अशा देशांतूनही लोक येत गेले.

कामाला माणसं हवी होती, पण शेजारी म्हणून ती सगळ्यांनाच हवी होती असं नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये नेवार्क शहरातल्या एका बागेत प्युर्टो रिकन लोकांचा उत्सव सुरू असताना पोलिसांशी संघर्ष झाला आणि त्याचं रूपांतर दंगलीत झालं. कीन कॉलेज तिथून काही किलोमीटरवर.

त्याच काळात शिक्षणाची दारं मात्र थोडी उघडत होती. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यामुळे गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळू लागली. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेदभाव करायला मनाई केली. या दोन्हींमुळे कॉलेजात येणाऱ्या लॅटिना मुलींची संख्या वाढत गेली. त्यातल्या अनेक जणी घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणाऱ्या पहिल्याच होत्या.

आणखी एक गोष्ट. तोपर्यंत अमेरिकी सरकारकडे या समाजाची धड मोजणीही नव्हती. स्पॅनिश मुळांच्या लोकांची वेगळी आकडेवारी गोळा करा, असं सांगणारा कायदा झाला १९७६ साली. जनगणनेत देशातल्या प्रत्येक घराला हा प्रश्न विचारला गेला तो १९८० साली. म्हणजे सरकारनं ‘तुम्ही किती आहात’ हे विचारायच्या आधीच या मुलींनी ‘आम्ही एक आहोत’ असं ठरवून टाकलं होतं.

कीन कॉलेज आणि १७ मुली

कीन ही काही हार्वर्ड-येलसारखी श्रीमंत संस्था नव्हे. १८५५ साली नेवार्कमध्ये शिक्षक घडवणारी शाळा म्हणून तिची सुरुवात झाली. १९५८ साली ती युनियन गावात हलली, १९७३ साली ‘कीन कॉलेज ऑफ न्यू जर्सी’ झाली आणि १९९७ साली विद्यापीठ. फी त्या मानानं परवडणारी आणि एलिझाबेथसारखं स्थलांतरितांचं शहर शेजारीच. तिथं घरून ये-जा करणारे विद्यार्थी खूप होते.

घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण आपल्याकडच्या लोकल-एसटीनं कॉलेज गाठणाऱ्यांना लगेच कळेल. लेक्चर संपलं की गाडी पकडायची. कॅम्पसवर मैत्री व्हायला, माहिती मिळायला, कोणी हात धरायला वेळच नसतो. वर्गात आपल्यासारखं दिसणारं कोणी नसेल तर कॉलेज सोडून द्यावंसं वाटणंही सोपं.

अशा ठिकाणी डिसेंबर १९७५ मध्ये दोन संघटना जन्माला आल्या. मुलांची ‘लॅम्डा थिटा फाय’ आणि मुलींची ‘लॅम्डा थिटा आल्फा’. मुलांच्या संघटनेनं ‘एकीत बळ आहे’ अशा अर्थाचं स्पॅनिश ब्रीदवाक्य घेतलं. मुलींच्या संघटनेच्या संस्थापक होत्या १७ विद्यार्थिनी. एकता, प्रेम आणि आदर ही त्यांच्या संघटनेची तत्त्वं.

इथं ‘एकता’ हा शब्द नुसता सुविचार म्हणून नाही. क्युबन आणि प्युर्टो रिकन माणसं एकच भाषा बोलत असली तरी त्यांचा इतिहास वेगळा, राजकारण वेगळं, इमिग्रेशनचे कागद वेगळे. क्युबन निर्वासित म्हणून आले, प्युर्टो रिकन जन्मानं नागरिक आणि कोलंबियन व्हिसावर. मोठी माणसं आपापल्या देशाच्या क्लबात जमायची. ‘लॅटिना’ या एका शब्दाखाली सगळ्यांनी एकत्र येणं ही तेव्हा नवीन गोष्ट होती.

पण मग साधा क्लब का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत लॅटिनो विद्यार्थ्यांचे क्लब आणि मंडळं होतीच. चळवळीही होत्या. मग ज्या पद्धतीनं इतकी वर्षं बाहेर ठेवलं, तीच ग्रीक अक्षरांची पद्धत का उचलायची?

याचं उत्तर टिकण्यात आहे. क्लब चालतो चार उत्साही पोरांच्या जिवावर. ती पास होऊन गेली की क्लब थंडावतो. सोरोरिटीत मात्र पास झालेली मुलगी सदस्यच राहते. ती पैसे देते, सल्ला देते, नवीन मुलींना नोकरीची वाट दाखवते. क्लबला कॉलेजची भिंत असते, सोरोरिटी मात्र दुसऱ्या कॉलेजातही तेच नाव, तेच रंग आणि तेच नियम घेऊन उभी राहू शकते. ज्या घरात वकील-डॉक्टर काका नाहीत, त्या घरातल्या मुलीसाठी ओळखीचं असं आयतं जाळं फार मोलाचं ठरतं.

दुसरं कारण घरातलं. लॅटिनो कुटुंबांत मुलीनं रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणं, लांबच्या कॉलेजात जाणं सहज मान्य होत नसे. फक्त मुलींची, अभ्यासाची अट असलेली, समाजसेवा करणारी संघटना म्हटल्यावर आईवडिलांना समजावणं थोडं सोपं जातं. मराठी घरांतही हा युक्तिवाद अनोळखी नाही.

चॅप्टर चालतो कसा?

कीनमध्ये सुरू झालेला चॅप्टर म्हणजे या संघटनेचा मूळ, ‘आल्फा’ चॅप्टर. ग्रीक संघटनांमध्ये चॅप्टरना साधारणपणे वर्णमालेच्या क्रमानं नावं मिळतात. आल्फा, बीटा, गॅमा आणि अक्षरं संपली की आल्फा आल्फा, आल्फा बीटा असं पुढे.

नवीन कॉलेजात चॅप्टर काढायचा तर आधी काही मुली एकत्र येतात, राष्ट्रीय संघटनेकडे अर्ज करतात आणि कॉलेजचीही मान्यता घेतात. त्यानंतर अभ्यासातले किमान गुण, वर्गणी, समाजसेवा आणि बैठका या सगळ्या अटी पाळाव्या लागतात.

सिनेमात दिसतो तसा मोठा बंगला बहुतेक लॅटिना सोरोरिटींकडे नसतो. चॅप्टरही छोटे असतात. जुन्या गोऱ्या सोरोरिटीच्या एका चॅप्टरमध्ये दोनशे-तीनशे मुली असू शकतात, पण लॅटिना चॅप्टर कित्येकदा दहा-बारा जणींवर चालतो. त्यामुळे एका वर्षी पाच जणी पास झाल्या आणि नवीन कोणी आलं नाही, तर चॅप्टर बंद पडायची वेळ येते. काही वर्षांनी कोणीतरी पुन्हा तो सुरू करतं. मोठ्या संघटनेच्या इतिहासात प्रत्येक चॅप्टरची अशी चढउताराची गोष्ट असते.

नवीन मुलींच्या तुकडीला ‘लाइन’ म्हणतात. ही पद्धत कृष्णवर्णीय संघटनांकडून आली. तालात पावलं आपटत केलेलं स्टेप नृत्य आणि रांगेत नाचत जाण्याचा ‘स्ट्रोल’ हेही तिथूनच आलं. लॅटिना मुलींनी त्यात साल्सा, मेरेंगे आणि स्पॅनिश घोषणा मिसळल्या. इन्स्टाग्रामवर किंवा टिकटॉकवर सोरोरिटीच्या रंगांतले कपडे घालून एका तालात सरकणाऱ्या मुलींची रील दिसते, ती बहुधा यातलीच. लॅम्डा थिटा आल्फाचे रंग बरगंडी आणि राखाडी.

मग एकामागून एक संघटना उभ्या राहिल्या

कीनपासून जवळच, रटगर्स विद्यापीठात १९८० साली ‘काय उप्सिलॉन सिग्मा’ स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांचा स्पॅनिश अर्थ ‘कोराझोनेस उनिदोस सिएम्प्रे’, म्हणजे कायम जोडलेली मनं. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या चिको इथं ‘लॅम्डा थिटा न्यू’ आली. १९८७ साली टेक्सास टेक विद्यापीठात चार मुलींनी ‘कॅप्पा डेल्टा काय’ सुरू केली. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये ‘सिग्मा लॅम्डा उप्सिलॉन’ उभी राहिली.

१९९० साली आयोवा विद्यापीठात पाच मुलींनी ‘सिग्मा लॅम्डा गॅमा’ स्थापन केली. आयोवा म्हणजे मक्याच्या शेतीचं, तेव्हा जवळजवळ पूर्ण गोऱ्या वस्तीचं राज्य. तिथं लॅटिना मुली हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे गरजही तितकीच मोठी. ही संघटना पुढे देशभर पसरली आणि सर्व वंशांच्या मुलींना घेणारी बहुसांस्कृतिक संघटना म्हणून ओळखली गेली.

१९९८ साली या लॅटिनो संघटनांनी मिळून स्वतःचा राष्ट्रीय महासंघ काढला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘नॅल्फो’ म्हणतात. कीनमध्ये सुरू झालेल्या लॅम्डा थिटा आल्फाचे आज शंभराहून अधिक चॅप्टर आहेत. यातली कुठलीही मोठी संघटना फक्त लॅटिना मुलींनाच घेते असं नाही. ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांनी स्वतःचं दार मात्र उघडं ठेवलं.

सगळं गोडच आहे का?

नाही. ग्रीक लाइफची सगळ्यात काळी बाजू म्हणजे ‘हेझिंग’. आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात तोच हा प्रकार, फक्त इथं तो संघटनेत प्रवेश मिळवण्यासाठी सोसावा लागतो. झोपू न देणं, मारहाण, अपमान, जबरदस्तीनं दारू पाजणं असे प्रकार अमेरिकेत वारंवार उघड झाले आहेत आणि त्यात विद्यार्थ्यांचे जीवही गेले आहेत. लॅटिनो संघटनाही यातून सुटलेल्या नाहीत. न्यू जर्सीनं २०२१ साली हेझिंगविरोधी कायदा कडक केला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवरचा कायदा झाला आणि कॉलेजांना हेझिंगच्या घटनांची माहिती जाहीर करणं बंधनकारक झालं.

दुसरा आक्षेप पैशाचा. वर्गणी, कपडे, प्रवास, अधिवेशनं हा खर्च कामगार घरातल्या मुलीला जड जातो. म्हणजे ज्यांच्यासाठी संघटना निघाली, त्यांनाच ती परवडत नाही असंही होऊ शकतं. तिसरा आक्षेप गुप्ततेचा. आतले विधी बाहेर सांगायचे नाहीत, हा नियम भेदभाव आणि छळ झाकायलाही उपयोगी पडतो.

आज काय परिस्थिती आहे?

कीन विद्यापीठ आज ‘हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन’ आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असतील तर ही सरकारी ओळख मिळते. १९७५ साली ज्या मुली कॉलेजात अल्पसंख्य होत्या, त्यांच्या नातींना तिथं आपल्यासारखे चेहरे शोधावे लागत नाहीत.

पण वारं उलटही फिरतंय. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. टेक्सासमध्ये जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानं सरकारी विद्यापीठांतली विविधता आणि समावेशनाची कार्यालयं बंद झाली. विद्यार्थी संघटनांना या कायद्यातून वगळलं आहे. पण जिथून जागा, कर्मचारी आणि निधी मिळायचा ती कार्यालयंच गेली, तर दहा-बारा मुलींचा चॅप्टर चालवणं अवघड होतं. अशा वेळी पास झालेल्या मोठ्या सिस्टर्सच उपयोगी पडतात. क्लबऐवजी सोरोरिटी काढण्याचा पन्नास वर्षांपूर्वीचा निर्णय इथं कामाला येतो.

आपला यात काय संबंध?

या वाटेनं पुढे देसी मुलीही गेल्या. भारतीय आणि दक्षिण आशियाई घरांतल्या मुलींनी १९९८ या एकाच वर्षात तीन सोरोरिटी सुरू केल्या. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये ‘कॅप्पा फाय गॅमा’, ह्यूस्टनमध्ये ‘डेल्टा फाय ओमेगा’ आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सिग्मा सिग्मा ऱ्हो’. गुजराती, तेलुगू, पंजाबी, मराठी, पाकिस्तानी, बांगलादेशी असे आईवडिलांच्या पिढीचे भेद तिथंही होतेच. त्यांना ओलांडून ‘साउथ एशियन’ या एका नावाखाली मुली जमल्या, जशा कीनमध्ये क्युबन आणि प्युर्टो रिकन मुली ‘लॅटिना’ म्हणून जमल्या होत्या.

म्हणून घरातली एखादी मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजातून फोन करून म्हणाली की ‘मी सोरोरिटीत जातेय’, तर लगेच घाबरायचं कारण नाही. मात्र चार प्रश्न जरूर विचारावेत. खर्च किती? अभ्यासाची अट काय? कॉलेजची मान्यता आहे का? आणि हेझिंगची तक्रार कधी झाली होती का? उत्तरं नीट मिळाली तर तिला अनोळखी देशात आधार देणाऱ्या बहिणी मिळत आहेत, असं समजायला हरकत नाही.